हृदयाच्या धमन्या सैल होतात तेव्हा पेशींच्या आत काय घडते

राजापूर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. ‘नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात’ एवढे त्या वर्गात सांगतात, पण हृदयाच्या धमन्यांत हे नेमके कसे घडते आणि तेवढा एकच मार्ग असतो का, हे त्यांना समजून घ्यायचे आहे. प्रश्नाला घरचीही बाजू आहे. वडिलांच्या एका कोरोनरी (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या) धमनीत अडथळा असून त्यांना आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट या नायट्रेट गटातल्या औषधाची गोळी सकाळी आठ आणि दुपारी तीन वाजता दिली आहे, रात्रीची मात्र दिलेली नाही. आईच्या अँजिओग्राफीत अडथळा सापडला नाही, तरी पाखाडी चढताना त्यांची छाती भरून येते आणि जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीने फारसा आराम पडत नाही. या दोन्ही गोष्टींचे कारण पेशींतल्या त्याच यंत्रणेत आहे, म्हणून प्रश्नाचे भाग वेगळे न करता एकत्रच उत्तर देतो.

सुरुवात हृदयाच्या गरजेपासून करायला हवी. विश्रांतीत असताना शरीर एकंदरीत रक्तातल्या प्राणवायूपैकी साधारण पाव भागच वापरते, बाकीचा शिरांवाटे परत जातो. हृदयाचा स्नायू मात्र माणूस स्वस्थ बसलेला असतानाच ७० ते ७५ टक्के प्राणवायू काढून घेतो. त्यामुळे चढणीवर गरज वाढली की त्याच रक्तातून आणखी काही मिळवायला फारसा वाव उरत नाही आणि रक्ताचा प्रवाह वाढवणे हाच जवळपास एकमेव उपाय राहतो. विश्रांतीत कोरोनरी धमन्यांतून मिनिटाला सुमारे २५० मिलिलीटर रक्त वाहते आणि निरोगी माणसात ते चार ते पाच पट वाढू शकते. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलत असल्यामुळे त्रिज्या दीडपट झाली की प्रवाह पाचपट होतो. म्हणजे एवढ्या मोठ्या वाढीसाठी भिंतीने थोडेसेच सैल व्हावे लागते. पण ते वेळेवर आणि योग्य जागी व्हावे लागते, आणि पुढचा सगळा विषय त्याचाच आहे.

धमनीच्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी आपल्या कामाच्या आहेत. रक्ताला लागून एंडोथेलियम या पेशींचा एकेरी थर असतो आणि त्याच्या बाहेर अरेखित स्नायूपेशींचे वेढे असतात. या स्नायूपेशी कधीच पूर्ण सैल नसतात, त्यांच्यात कायम थोडा ताण असतो. हा ताण कॅल्शियमवर चालतो. पेशीपटलातल्या विद्युतदाबाला प्रतिसाद देणाऱ्या वाहिन्यांतून कॅल्शियम आत येते, काही पेशीच्या आतल्या साठ्यातून सुटते, आणि ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. ही जोडी मायोसिनच्या हलक्या साखळीवर फॉस्फेट बसवणाऱ्या कायनेज या विकराला (एन्झाइमला) जागे करते. फॉस्फेट बसले की मायोसिन ॲक्टिनला धरून ओढते आणि धमनी आवळते. हाच फॉस्फेट उतरवणारे दुसरे विकर, मायोसिन फॉस्फेटेज, त्याच वेळी आपले काम करत असते. धमनी कोणत्या क्षणी किती आवळलेली आहे, हे या दोघांपैकी कोणाचे पारडे जड आहे यावर ठरते.

म्हणून धमनी सैल करण्याचे मुळात दोनच मार्ग आहेत. पेशीतले कॅल्शियम खाली आणायचे, किंवा कॅल्शियम आहे तेवढेच ठेवून फॉस्फेटेजला बळ द्यायचे. दुसऱ्या मार्गाकडे विद्यार्थ्यांचे सहसा लक्ष जात नाही. ऱ्हो-कायनेज नावाचे विकर फॉस्फेटेजला दाबून ठेवते, त्यामुळे कॅल्शियम फारसे न वाढताही धमनी घट्ट आवळलेली राहू शकते. कोरोनरी धमनीला अचानक पेटका येतो तेव्हा या विकराचा त्यात मोठा हात असतो. नायट्रिक ऑक्साइड, प्रोस्टासायक्लिन, अ‍ॅडेनोसिन, पोटॅशियमच्या वाहिन्या अशी कितीही नावे पुढे आली, तरी सगळे संदेश शेवटी या दोन ठिकाणीच येऊन पोचतात. विद्यार्थ्यांनी आधी हे शेवटचे ठिकाण समजून घेतले आणि मग संदेशांकडे गेले, तर गोंधळ बराच कमी होतो, असे मला वाटते.

आता नायट्रिक ऑक्साइड. रक्त वेगाने वाहू लागले की एंडोथेलियमच्या पृष्ठभागावर घासण्याचा ताण वाढतो. पेशींवरचे शर्करायुक्त आवरण आणि पिएझो-१ सारख्या यांत्रिक वाहिन्या तो ताण ओळखतात. काही क्षणांतच एंडोथेलियमच्या पेशीत कॅल्शियम वाढते, आणि सोबत एकेटी नावाचे कायनेज नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराच्या ११७७व्या सेरीनवर फॉस्फेट बसवते, त्यामुळे ते विकर थोड्या कॅल्शियमवरही जोमाने काम करते. एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून सिट्रुलिन आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतात. हा वायू काही सेकंदच टिकतो, आणि रक्तात गेला तर हिमोग्लोबिन त्याला लगेच पकडते. पण शेजारच्या स्नायूपेशीपर्यंतचे अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतके असल्याने तेवढा वेळ पुरतो.

स्नायूपेशीत त्याची गाठ ग्वानिलिल सायक्लेज या विकराशी पडते. या विकराच्या लोहयुक्त हीम गटाला नायट्रिक ऑक्साइड चिकटले की त्याचा वेग शेकडो पटींनी वाढतो आणि सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू भराभर तयार होतो. सायक्लिक जीएमपी प्रोटीन कायनेज जीला जागे करते, आणि हे कायनेज एकाच वेळी अनेक आघाड्यांवर काम करते. ते पोटॅशियमच्या मोठ्या क्षमतेच्या वाहिन्या उघडते. पोटॅशियम बाहेर गेल्याने पेशीची आतली बाजू अधिक ऋण होते आणि कॅल्शियमच्या वाहिन्या मिटतात. ते आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटू देत नाही आणि सुटलेले कॅल्शियम साठ्यात परत ओढणाऱ्या पंपाला वेग देते. शिवाय ऱ्हो-कायनेजच्या साखळीला आवर घालून फॉस्फेटेजला मोकळे करते. म्हणजे वर सांगितलेले दोन्ही मार्ग हा एकच संदेश वापरतो, आणि त्याचे सामर्थ्य त्यातच आहे. काम झाले की फॉस्फोडायएस्टरेज-५ हे विकर सायक्लिक जीएमपी तोडून टाकते. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे वडिलांच्या गोळीसंदर्भात ते लागेल.

हे सगळे उलगडले ते १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाड्झ्की यांनी सशाच्या महाधमनीवर केलेल्या प्रयोगामुळे. अ‍ॅसिटिलकोलिन हा चेतातंतूंचा संदेशवाहक रेणू दिला की धमनीचा तुकडा कधी सैल होई, कधी आवळे, आणि याचे कारण कळत नव्हते. तुकडा तयार करताना आतला एंडोथेलियमचा थर खरवडला गेला असेल तर धमनी आवळते आणि थर शाबूत असेल तर सैल होते, हे त्यांनी दाखवले. एंडोथेलियममधून निघणारा तो अनाम पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८७ साली ठरले. १९९८ साली फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना नोबेल मिळाले.

माझ्या मते वैद्यकीय व्यवहारासाठी याहून महत्त्वाचा पुरावा १९८६ सालचा आहे. अँजिओग्राफीच्या वेळी माणसांच्या कोरोनरी धमन्यांत थेट अ‍ॅसिटिलकोलिन सोडून पाहिले गेले. ज्यांच्या धमन्या स्वच्छ होत्या त्यांच्यात त्या रुंदावल्या, आणि ज्यांच्या धमन्यांत मेदाचे थर साचले होते त्यांच्यात त्याच औषधाने त्या आवळल्या. अ‍ॅसिटिलकोलिनचे ग्राही (संदेश पकडणारी प्रथिने) स्नायूपेशींवरही असतात आणि तिथे ते आकुंचनाचाच संदेश देते. एंडोथेलियम सशक्त असते तेव्हा नायट्रिक ऑक्साइडचा संदेश त्याच्यावर मात करतो, एंडोथेलियम खंगले की तो आकुंचनाचा संदेश मोकळा सुटतो. रक्तबिंबिकांतून, म्हणजे प्लेटलेट्समधून, निघणाऱ्या सिरोटोनिनचेही असेच आहे. म्हणून ‘अमुक रेणू धमनी रुंदावतो’ हे वाक्य परीक्षेत गुण देईल, पण रुग्णाच्या बाबतीत कोणत्या धमनीत, हे विचारल्याशिवाय ते अपुरे आहे.

नायट्रिक ऑक्साइडखेरीज सायक्लिक एएमपी या तशाच रेणूचा हा संदेशाचा दुसरा मोठा मार्ग आहे. एंडोथेलियममधून निघणारे प्रोस्टासायक्लिन, अ‍ॅड्रेनलिनचे बीटा-२ ग्राही आणि अ‍ॅडेनोसिनचे ए-२ए ग्राही हे तिघेही स्नायूपेशीत सायक्लिक एएमपी वाढवतात आणि प्रोटीन कायनेज एच्या मदतीने कॅल्शियम खाली आणतात. त्यांपैकी अ‍ॅडेनोसिन हृदयाच्या दृष्टीने विशेष आहे, कारण प्राणवायू कमी पडू लागला आणि एटीपी हे पेशीचे इंधन मोडू लागले की स्नायूच ते बाहेर टाकतो; गरज आणि पुरवठा यांची सांगड घालणाऱ्या दुव्यांपैकी तो एक आहे. हृदयाच्या ताणचाचणीत हेच अ‍ॅडेनोसिन शिरेतून देऊन धमन्या मुद्दाम रुंदावतात. चहा-कॉफीतले कॅफिन अ‍ॅडेनोसिनचे ग्राही अडवते, म्हणून अशा चाचणीआधी निदान बारा तास चहा घेऊ नका असे सांगितले जाते, आणि आमच्याकडे पहाटेच्या एस्टीने येणारे रुग्ण वाटेत चहा घेऊनच येतात.

प्रोस्टासायक्लिनची एक हकिगत वेदनाशामक गोळ्यांशी जोडलेली आहे. कॉक्स-२ हे विकर अडवणाऱ्या गोळ्यांनी प्रोस्टासायक्लिन घटते, रक्तबिंबिकांचे गुठळीला मदत करणारे आणि धमनी आवळणारे थ्रॉम्बॉक्सेन मात्र तसेच राहते. रोफेकॉक्सिब हे त्या गटातले औषध हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण वाढल्यामुळे २००४ साली बाजारातून मागे घेतले गेले. हृदयरुग्णांनी गुडघेदुखीसाठी मेडिकलच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत, असे आम्ही सांगतो त्यामागे हे कारण आहे.

संदेशाचा तिसरा मार्ग विद्युतदाबाचा आहे आणि माणसांच्या बाबतीत तो सर्वांत रंजक आहे. एंडोथेलियममध्ये कॅल्शियम वाढले की तिथल्या लहान आणि मध्यम क्षमतेच्या पोटॅशियम वाहिन्या उघडतात, पेशीची आतली बाजू अधिक ऋण होते आणि हा बदल दोन थरांना जोडणाऱ्या सूक्ष्म पुलांवरून थेट स्नायूपेशींत पोचतो. काही मिलिव्होल्टच्या फरकानेही कॅल्शियमचा ओघ बराच घटतो. वाहिनी जितकी बारीक, तितका या मार्गाचा वाटा मोठा.

मिल्वॉकी इथल्या डेव्हिड गटरमन यांच्या प्रयोगशाळेने हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी काढल्या जाणाऱ्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) तुकड्यांतून माणसांच्या अतिसूक्ष्म कोरोनरी धमन्या वेगळ्या करून त्यांचा अभ्यास केला. कोरोनरी विकार नसलेल्या माणसात वाढत्या प्रवाहाला प्रतिसाद देताना नायट्रिक ऑक्साइड मुख्य असते. विकार असलेल्या माणसात ती जबाबदारी हायड्रोजन पेरॉक्साइडकडे जाते, आणि ते एंडोथेलियमच्या तंतुकणिकांतून (मायटोकॉन्ड्रियातून) येते. ते प्रोटीन कायनेज जीचेच थेट ऑक्सिडीकरण करून त्याला जागे करते, त्यामुळे सायक्लिक जीएमपी कमी असतानाही पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात. शरीराने राखून ठेवलेली ही पर्यायी सोय आहे, पण ती फुकट नाही. नायट्रिक ऑक्साइड धमनीला दाह आणि गुठळ्यांपासून वाचवते, तर हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त झाले की दाहाला हातभार लावते. धमनी सैल होते आहे म्हणून ती निरोगी आहे असे समजता येत नाही, ते यामुळे.

आता आईंच्या तक्रारीकडे वळतो. कोरोनरी धमन्या दोन गटांत पाहाव्या लागतात : हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या, काही मिलिमीटर व्यासाच्या मोठ्या धमन्या, आणि स्नायूत शिरणाऱ्या, मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही बारीक शाखा. अँजिओग्राफीत पहिला गट दिसतो. प्रवाहाला होणारा स्वाभाविक रोध निरोगी हृदयात बहुतेक करून दुसऱ्या गटात असतो, आणि प्रवाह वाढवण्या-कमी करण्याचे काम तोच करतो. नारळी-पोफळीच्या वाडीत पाट कितीही भरून वाहत असला, तरी एकेका आळ्याचे तोंड उघडले नाही तर झाडाला पाणी मिळत नाही, तसे हे आहे. या बारीक शाखांच्या एंडोथेलियमने नीट प्रतिसाद दिला नाही, किंवा त्या उगाच आवळू लागल्या, तर मोठ्या धमन्या स्वच्छ असूनही चढणीवर छाती भरून येते. असे स्त्रियांमध्ये जास्त आढळते. अडथळा नाही म्हणजे ‘गॅस झाला असेल’ असे म्हणून ते सोडून देणे चूक आहे.

जिभेखालची गोळी कमी का लागू पडते, याचेही उत्तर इथेच आहे. नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड सुटण्यासाठी पेशीत विशिष्ट विकरांची मदत लागते, आणि नायट्रोग्लिसरीनच्या बाबतीत तंतुकणिकांतले अल्डिहाइड डिहायड्रोजनेज-२ हे विकर त्यात प्रमुख आहे. प्रत्यक्षात नायट्रेट मोठ्या धमन्या आणि शिरा चांगल्या सैल करते, पण साधारण ०.१ मिलिमीटरहून बारीक धमन्यांवर त्याचा परिणाम कमी पडतो. म्हणून आईंच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञांना सूक्ष्म धमन्यांच्या तपासणीबद्दल विचारावे. अ‍ॅडेनोसिन देऊन प्रवाह किती पट वाढतो हे मोजतात; तो दुपटीहून कमी वाढला तर बारीक शाखांत दोष आहे असे धरतात. पेटक्याचा संशय असेल तर अ‍ॅसिटिलकोलिनची चाचणीही करता येते, अर्थात ती सोय असलेल्या कॅथलॅबमध्येच (जिथे अँजिओग्राफी करतात तो कक्ष). दोष काय निघतो त्यानुसार बीटा-ब्लॉकर, कॅल्शियमच्या वाहिन्या अडवणारी औषधे किंवा स्टॅटिन यांची निवड होते. स्टॅटिन कोलेस्टेरॉल कमी करतेच, शिवाय ऱ्हो-कायनेजची साखळी ढिली करून नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकरालाही हात देते.

एंडोथेलियम बिघडते कसे, हेही या निमित्ताने सांगतो. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा सहायक रेणू लागतो. तंबाखूचा धूर, दीर्घकाळ वाढलेली साखर आणि उच्च रक्तदाब यांमुळे पेशींत सुपरऑक्साइड हा प्राणवायूचा अतिक्रियाशील प्रकार वाढतो. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला गाठून पेरॉक्सिनायट्राइट बनवते आणि पेरॉक्सिनायट्राइट या सहायक रेणूचे ऑक्सिडीकरण करते. सहायकाविना उरलेले विकर मग नायट्रिक ऑक्साइडऐवजी स्वतःच सुपरऑक्साइड बनवू लागते, आणि बिघाड आपल्यालाच पोसत राहतो. आपल्या भागात बायका विडी-सिगारेट ओढत नाहीत म्हणून तंबाखूचा प्रश्नच येत नाही असे घरचे सांगतात, पण मशेरी लावणे हे तंबाखूच आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. तिच्यातले निकोटिन रक्तात जाते, अ‍ॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकांची पातळी वाढवते आणि धमन्या आवळते. आईंना ती सवय असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. खारवलेल्या मासळीचेही प्रमाण सांभाळावे, कारण जास्त मिठाने रक्तदाब वाढण्याआधीच एंडोथेलियमचा प्रतिसाद मंदावू शकतो, असे माणसांवरील अभ्यासांत दिसले आहे.

वडिलांच्या गोळीच्या वेळा मुद्दाम तशा ठेवलेल्या आहेत. नायट्रेट चोवीस तास शरीरात राहिले तर एक-दोन दिवसांतच त्याचा गुण कमी होऊ लागतो. नायट्रोग्लिसरीनच्या बाबतीत त्याला मोडणारे वर सांगितलेले विकर निकामी होते. एकूण नायट्रेटच्या सततच्या माऱ्याने सुपरऑक्साइड वाढते आणि सायक्लिक जीएमपी तोडणाऱ्या विकरांचे प्रमाणही वाढते. डायनामाइटच्या कारखान्यांतल्या कामगारांना सुट्टीनंतर सोमवारी कामावर आल्यावर डोके दुखे आणि आठवडाभरात ते थांबे, हे याच सवयीचे जुने उदाहरण. विल्यम मरेल यांनी १८७९ साली छातीच्या दुखण्यावर नायट्रोग्लिसरीन वापरल्याचे लिहिले, आणि त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटते हे मुराद यांनी १९७७ साली दाखवले. मधली जवळपास शंभर वर्षे डॉक्टर हे औषध त्यामागचे कारण न कळता देत होते. रोज काही तास, शक्यतो रात्री, शरीर नायट्रेटविना ठेवले की गुण टिकून राहतो. म्हणून सकाळची गोळी आठला आणि दुसरी सात तासांनी असते. ‘रात्रीची राहिली’ असे समजून तिसरी गोळी स्वतःच्या मनाने वाढवू नये. रात्री दुखत असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. त्यासाठी बीटा-ब्लॉकर, कॅल्शियम अडवणारी औषधे किंवा निकोरँडिलसारखी नायट्रेटसोबत पोटॅशियमच्या वाहिन्याही उघडणारी गोळी असे पर्याय आहेत.

शेवटची गोष्ट विचारायला लोक संकोचतात, पण ती सांगायलाच हवी. सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही लैंगिक दुर्बलतेवरची औषधे फॉस्फोडायएस्टरेज-५ला अडवतात. नायट्रेटने सायक्लिक जीएमपी वाढवायचे आणि या गोळीने ते तुटू द्यायचे नाही, असे एकाच वेळी झाले तर संपूर्ण शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडून रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो. वडिलांसारखे नायट्रेट रोज घेणाऱ्या माणसाने ही औषधे मुळीच घेऊ नयेत. आणि कोणीही, हृदयरुग्ण असो वा नसो, सिल्डेनाफिल घेतल्यानंतर २४ तासांत किंवा टाडालाफिल घेतल्यानंतर ४८ तासांत छातीत दुखले म्हणून दवाखान्यात गेला, तर जिभेखाली गोळी ठेवण्याआधी त्याने हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.